दशीपुरती जागा

१

दुपारी जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून डायरी लिहायची, असा माझा नेम होता. आठवीत शाळा सुटली, पण लिहिणं सुटलं नाही. कोणतं गिऱ्हाईक आलं, हवा कशी होती, घरात काय शिजलं, एवढंच लिहीत असे. मनातलं लिहीत नसे, झालेलं लिहीत असे. हेही तसंच लिहितो.

आमचं घर भंडाऱ्यात, विणकरांच्या जुन्या गल्लीत. पुढे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान, मागे राहणं. वडिलांच्या काळात घरात तीन माग चालायचे. आता एकच उरला होता, मधल्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. त्यावर आमची बहीण शकुन बसायची. खड्ड्यात पाय सोडून, गोणपाटाच्या घडीवर. ती माझ्याहून लहान, धाकट्या भावाहून, धर्मेंद्रहून मोठी. सानगडीला दिली होती. नवरा गेल्यावर परत आली आणि आमच्यातच राहिली.

धर्मेंद्र सरकारी नोकरीत. जिल्हा तुटला तेव्हा त्याचं ऑफिसही तुटलं आणि तो गोंदियाच्या वाट्याला गेला. पुष्कळ वर्षांनी बदली करून घेऊन परतला. आल्यावर एका रविवारी चहा पिताना म्हणाला, "दादा, आता आपलं बी वेगळं करून टाकू. भांडण व्हायच्या आधी."

"भांडण कोण करून राहिलं?"

"म्हणूनच म्हणतो."

त्यात तथ्य होतं. गवंडी मारोतरावांना बोलावलं. दोरी धरली तर ती बरोबर मधल्या खोलीतून, मागाच्या खड्ड्यावरून गेली.

मारोतरावांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. "खड्ड्यावर भिंत उभी नाही राहात, भाऊ. बसते."

"मग?"

"खड्ड्याच्या इकडून एक अन् तिकडून एक, अशा दोन भिंती उचलतो. मधात मागापुरती जागा राहील. ते कोणाची, तुम्ही ठरवा."

ते ठरलं नाही. माझं घर माझ्या भिंतीपर्यंत, धर्माचं त्याच्या भिंतीपर्यंत. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढलेला होता. तो विणून संपेपर्यंत शकुनला येजा करता यावी म्हणून अंगणाच्या बाजूने एक फट ठेवली. विणून झालं की माग उचलायचा आणि फट बुजवायची. उचललेला माग कुठे ठेवायचा, हे कोणी बोललं नाही.

शकुन दाराला टेकून ऐकत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "मले दोन भाऊ होते, आता दोन भिंती बी झाल्या."

माझी बायको शोभा हसली. धर्माची बायको दामिनीही हसली. शकुनने एक दिवस आमच्याकडे जेवायचं, एक दिवस त्यांच्याकडे, असं ठरलं.

२

राहिला कॉम्प्युटर. तो दोघांनी मिळून घेतलेला, दुकानात टेबलावर असायचा. दुकान सामाईक ठेवलं होतं, म्हणून तोही तिथेच राहणार होता.

"नवा कायले घ्यायचा?" धर्मा म्हणाला. "याच्याच पोटात दोन घरं करता येतात. हार्ड डिस्कचे हिस्से पाडायचे. तुमचं तुमच्यात, माझं माझ्यात. कुलूप लावा अन् बसा."

ते काम मी अंगावर घेतलं. कॉम्प्युटर मी एका हिंदी पुस्तकावरून शिकलो होतो, आणि न समजता पुढचं बटण दाबायचं नाही, हा माझा स्वभाव. पद्धत सोपी होती. एका भागात कॉम्प्युटरचं स्वतःचं सामान असतं, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या भागात आमचं सगळं. त्यातलं आपापलं दोघांनी पेन ड्राइव्हवर काढून घ्यायचं. मग तो भाग पुसायचा आणि त्या जागी दोन नवे करायचे.

शकुनचंही सामान त्यात होतं. ती हिशेबाच्या तक्त्यातल्या चौकोनांत रंग भरून लुगड्याचे काठ काढायची. एक चौकोन म्हणजे एक धागा. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मी काम करत असताना ती मागे येऊन उभी राहिली. "दादा, माझे काठ कोणत्या घरात ठेवून राहिले?"

"ठेवतो ना," मी म्हणालो. माझं लक्ष पडद्यावर होतं. आदल्या दिवशी ती दामिनीला काठ दाखवत होती, म्हणून ते धर्माने घेतले असतील असं मी धरून चाललो. मोठ्या भावाने घेतले असतील असं धर्मा धरून चालला होता, हे नंतर कळलं.

पडद्यावर डिस्क एका आडव्या पट्टीसारखी दिसते, मागावरच्या कापडासारखी. ते पाहून मला वडिलांची सवय आठवली. एका ताण्यावर अनेक लुगडी विणतात. एक संपलं की दुसरं लगेच सुरू करत नाहीत. मध्ये चार बोटं ताणा तसाच उघडा, न विणलेला सोडतात. तिथे कात्री चालते आणि दोन्हीकडे मोकळ्या धाग्यांच्या दशा सुटतात. ती जागा या लुगड्यात मोजत नाहीत आणि त्याही नाही. ती सोडली नाही तर एक लुगडं कापताना दुसऱ्याला इजा होते.

मी डिस्कवरही तशी जागा सोडली. कॉम्प्युटर अशी मधली जागा सोडू देत नाही. म्हणून तीन भाग केले आणि मधला लहानसा काढून टाकला. दोन निळ्या पट्ट्यांच्या मध्ये बोटाएवढी काळी पट्टी उरली. खाली लिहून आलं की ही जागा कोणालाही दिलेली नाही.

"हे काळं काय होय?" शकुनने विचारलं.

"ते कोणाचंच नाही. दशीपुरती जागा."

"म्हणजे माझी," असं म्हणून ती मागावर निघून गेली.

३

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. भिंतींना गिलावा झाला. शोभाने आमच्या बाजूला खुंट्या ठोकल्या, दामिनीने तिच्या बाजूला देवांचा फोटो लावला. भिंतीआडून मागाची खटखट यायची. तो आवाज जन्मापासूनचा. असतो तेव्हा ऐकू येत नाही.

एकच गोष्ट खटकली. दुकानात कॉम्प्युटर लावला तेव्हा सहज डिस्कची ती पट्टी उघडून पाहिली, तर काळा भाग दोन बोटं वाटला. मी आकडे पाहिले. माझा हिस्सा तेवढाच, धर्माचा तेवढाच. पडदा कसा तिरका धरला यावर दिसणं अवलंबून असतं, असं मनाशी म्हणालो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट लावून पाहिलं.

मग त्या आठवड्यात एकदा शोभा सामाईक अंगणात कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडे ओरडली, "दामिनी, शकुनबाईले पाठव वं इकडे. गव्हातले खडे पाहून देतील म्हटलं."

दामिनी ओल्या हातांनी अंगणात आली. "त्या तुमच्याकडेच आहेत ना?"

"आज तुमचा दिवस होय."

"आज बी, काल बी, परवा बी तुमचाच दिवस समजून मी तर दोघांचंच शिजवून राहिली."

शोभाच्या हातात ओलं धोतर होतं. ते तसंच धरून ती म्हणाली, "मी बी."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. त्यांचा आवाज ऐकून मी दुकानातून आलो. मी अंगणाच्या टोकाला जाऊन फट पाहिली. ती बुजवलेली होती. वर गिलावा होता, आणि तो वाळलेला होता.

४

मारोतरावांना घरून उठवून आणलं.

"फट कोणी बुजवायले सांगितली?"

"तुम्हीच ना, भाऊ."

"मी नाही सांगितलं."

"मग धर्मेंद्रभाऊंनी सांगितलं असन." मारोतरावांनी धर्माकडे पाहिलं. धर्माने नाही म्हणून मान हलवली. मारोतरावांनी टोपी काढली. "तुमच्या दोघांपैकी कोणीतरी म्हटलं म्हणूनच म्या हात लावला. काम सांगितल्याशिवाय मी कायले करतो? अन् आत पाहून घेतलं होतं, भाऊ. हाक मारली. कोणी नव्हतं. माग होता, माणूस नव्हतं."

त्यांच्यावर अविश्वास ठेवायचं कारण नव्हतं. माणूस आत असतं तर ओरडलं असतं. मी स्वतःला हे बऱ्याच वेळा सांगितलं.

धर्मा मोटारसायकलने सानगडीला जाऊन आला. तिच्या सासरच्यांनी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. मी बसस्टँडवर विचारलं, दवाखान्यात विचारलं, पोलिसांत नाव दिलं. शिपायाने विचारलं, "राहायला कोणाकडे होत्या?" मी म्हणालो, "आमच्याकडे." त्याने विचारलं, "तुमच्याकडे म्हणजे तुमच्याकडे का भावाकडे?"

तिच्या चपला अंगणात, बुजवलेल्या फटीपाशी होत्या. एकीवर गिलाव्याचा शिंतोडा पडला होता.

घरी आलो तेव्हा भर दुपार होती आणि वीज गेलेली होती. पंखे बंद, शेजारचा टीव्ही बंद, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी मधल्या खोलीच्या आमच्या हिश्शात पाणी प्यायलो आणि तांब्या खाली ठेवला. तेव्हा लक्षात आलं की मागाचा आवाज चालू आहे.

खट. थोडं थांबून खट. आडवा धागा नेणारा धोटा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे.

शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुम्हाले बी येऊन राहिला?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"कालपासून येऊन राहिला. मले वाटलं दामिनी काही कुटत असन."

मी भिंतीला कान लावला. गिलावा गार होता. आवाज भिंतीपासून जवळ नव्हता. लांबून येत होता, दुसऱ्या गल्लीतून यावा तसा. आणि ती जागा तर मागापुरतीच होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात बसलो आणि ठरवलं की निदान तिचे काठ तरी परत आणायचे. पोलिसांना दाखवायला तिचा एखादा चांगला फोटोही त्यांत निघाला असता.

डिस्कवरून पुसलेलं लगेच जात नाही, हे पुस्तकात होतं. जागा कोणाची नाही एवढंच कॉम्प्युटर लिहून ठेवतो. तिथे दुसऱ्या कोणाचं सामान येऊन पडेपर्यंत जुनं तसंच राहतं. म्हणून अशी जागा कोणी आपल्या हिश्शात घ्यायची नाही. घेतली की आतलं कायमचं गेलं.

ते वाचून मला धीर आला होता. काळी पट्टी मी कोणालाच दिली नव्हती.

पुसलेलं शोधणारा एक प्रोग्राम मी लावला. पट्टी आता चार बोटं होती. त्यात शकुनची फाइल सापडली. उघडली. निळ्या पदराला साजेसा रुईफुलाचा काठ, अर्धा भरलेला. फाइलवर तारीख असते. ती तारीख त्याच दिवशीची होती.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मी फाइल बंद केली, दामिनीला बोलावलं आणि तिच्यासमोर पुन्हा उघडली. काही ओळी वाढल्या होत्या.

"भासरेबुवा, तुम्ही भरून राहिले का हे?" तिने विचारलं. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात.

"माझा हात कीबोर्डवर नाही."

आम्ही दोघं पाहत राहिलो. पडद्यावर काही हलत नव्हतं. पण फाइल मिटून उघडली की एक ओळ जास्त असायची. भिंतीआड खट झालं की एक ओळ. दामिनीच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला आणि मागच्या मागे निघून गेली.

काठ पूर्ण झाला तेव्हा त्याच्या खाली काही ओळी कोऱ्या सुटल्या. मग त्याखाली दुसरा काठ सुरू झाला.

६

"फोडा," धर्मा म्हणाला. "कोणाची बी जागा असो, फोडा."

मारोतराव यायला तयार नव्हते, पण आले. सकाळचं ऊन अंगणभर होतं. त्यांनी फटीवरचा गिलावा काढला, विटा सैल केल्या आणि एकेक बाजूला रचल्या. घाम पुसायला थांबले तेव्हा आतून खटखट येत होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, काम चालू ठेवलं.

शेवटची वीट निघाली आणि आवाज बंद झाला.

मी टॉर्च लावली. माग होता. गोणपाटाची घडी होती, तिच्यावर बसल्याचा खळगा होता. लाटेवर, म्हणजे कापड गुंडाळायच्या दांड्यावर, विणलेलं लुगडं गुंडाळलेलं होतं, निळं, रुईफुलाच्या काठाचं. त्याच्यानंतर चार बोटं उघडा ताणा आणि मग नव्या लुगड्याची सुरुवात. माणूस नव्हतं.

मग मी टॉर्च वर केली. ही जागा पुढे दुकानाच्या भिंतीला जाऊन संपते. त्या भिंतीला लागून कॉम्प्युटरचं टेबल आहे. ते अंतर मी लहानपणापासून चाललो आहे. टॉर्चचा उजेड त्या भिंतीपर्यंत पोचला नाही. ताणाही मागाच्या टोकाला संपलेला नव्हता. दोन भिंतींच्या मधून तो आत गेला होता, सरळ, ताठ, आणि जिथे उजेड संपत होता तिथेही चालूच होता.

"शकुनताई," धर्माने हाक मारली. त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

मग आतून, पुष्कळ आतून शकुन बोलली.

"येतो ना. कोणाकडे येऊ?"

राग नव्हता, रडणं नव्हतं. आज ताट कुठे मांडलं आहे, हे विचारावं तसं.

मी धर्माकडे पाहिलं. धर्माने माझ्याकडे पाहिलं. त्याने म्हणावं असं मला वाटलं, कारण हाक त्याने मारली होती. मी म्हणावं असं त्याला वाटलं असणार, कारण मी मोठा. शोभा माझ्या मागे उभी होती, दामिनी त्याच्या मागे. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. नुसतं एकमेकांसाठी थांबलो होतो.

उजेड संपत होता तिथे, ताण्यावर, एक हात दिसला. पाठमोरा, बांगडी कोपराकडे सरकलेली. त्याने धोटा झेलला आणि परत फेकला.

खट.

मारोतरावांनी थापी खाली ठेवली आणि पाय धुवायलाही न थांबता निघून गेले.

७

दुसऱ्या दिवशी धर्मा दामिनीला घेऊन तिच्या माहेरी, कोंढ्याला जाणार होता. बॅगा भरणं चालू होतं. दुपारी जेवणाआधीच मी दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं, डायरी काढली आणि त्याआधी पट्टी उघडून पाहिली.

काळा भाग पडद्याच्या निम्म्याहून जास्त होता. माझी निळी पट्टी डाव्या कडेला धाग्याएवढी उरली होती. आकडे तेच होते.

फाइल उघडली. दुसरा काठ पुष्कळ पुढे गेला होता. तो लुगड्याचा नव्हता. बारीक, करवतीचा, मी नेसतो त्या धोतराला असतो तसा.

तेव्हा मला जे काल म्हणायचं होतं ते म्हणायला मी उठलो. त्यात अवघड काही नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात तिच्या पाटापुरती जागा कायम होती. माग ओसरीत बसला असता. डायरी खिशात घालून मी अंगणातून गेलो, फटीपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "शकुन, माझ्याकडे ये."

धोटा थांबला.

"माझ्याकडे," मी पुन्हा म्हणालो. "रोज. धर्माला मी सांगतो."

उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली. मग डाव्या हाताला शोभाचा आवाज आला.

"दामिनी, तुझे भासरे तिकडे आहेत का वं? जेवायले नाही आले."

उजव्या हाताला दामिनी म्हणाली, "नाही बा. मले वाटलं तुमच्याकडेच जेवले."

"मले वाटलं भाऊजींसंग बसले."

"नाही. हे तर एकटेच जेवले."

"मी इथे आहे," मी म्हणालो.

"दुकानात असतील," शोभा म्हणाली.

"असतील," दामिनी म्हणाली.

मी फटीच्या बाहेर, अंगणात उभा आहे असंच मला वाटत होतं. पण दोघींचे आवाज अंगणातून येत नव्हते. डावीकडच्या विटांमधून एक, उजवीकडच्या विटांमधून दुसरा. वळून पाहिलं तर अंगणाचं ऊन होतं, पण लांब, उभ्या धाग्यासारखं.

"शोभा," मी मोठ्याने हाक मारली.

भिंतीपलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. ताट झाकून ठेवलं असावं.

मग माझ्या पायाशी, खड्ड्याच्या काठावर गोणपाट सरकलं. बसायला जागा झाली.